एका डॉक्टरकीची कुळकथा

दिवाळी हा डोळ्यांचा सण, असे आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो आहोत. पणती डोळ्यांसाठी, आकाशकंदील डोळ्यांसाठी, अंगणातली रांगोळीही डोळ्यांसाठीच. पण वाचकहो, जरा आठवून पाहा. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्याला जाग येते ती उजेडाने नव्हे. उजेड तेव्हा झालेलाच नसतो. जाग येते ती न्हाणीघरात आदळलेल्या बादलीने, आईच्या तिसऱ्या हाकेने आणि शेजारच्या आळीत कुणीतरी आपल्याआधी उडवलेल्या फटाक्याने. ज्याचे कान गेले त्याला दिवाळी दिसते, पण ऐकू येत नाही. आणि आपल्या रीतीचा विशेष असा, की आंधळ्याला आपण हात धरून रस्ता ओलांडून देतो आणि बहिऱ्याला मात्र हसतो. फार्सातले बहिरे आजोबा अजूनही प्रत्येक गॅदरिंगला टाळ्या घेतात.

या विषयाकडे मी वळलो त्याला निमित्त झाले आमच्या शाळेच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे. मुंबईला चार वर्षे शिकून ती वाचा आणि श्रवण या विषयातली पदवीधर झाली होती आणि पुढल्या शिक्षणासाठी अमेरिकेला निघाली होती. पेढे द्यायला आली तेव्हा तिचे वडील बरोबर होते. ते पेढ्यांचा पुडा माझ्या हातात देत म्हणाले, "गुरुजी, चार वर्षं इथं झाली. आता आणखी चार वर्षं तिथं, म्हणजे म्हणे ही डॉक्टर होणार. ऑपरेशन करायचं नाही, गोळी लिहून द्यायची नाही. कान तपासायला आणि मशीन बसवायला माणसानं डॉक्टर कशाला व्हायला हवं?"

प्रश्न रोकडा होता. माझी स्वतःची पदवी म्हणाल तर मॅट्रिक. हल्ली तिला दहावी म्हणतात. मुलांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पदव्यांच्या बागेकडे मी आजवर फाटकाबाहेरूनच पाहिले आहे. परंतु फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला एक गोष्ट नीट दिसते: आत कोण गेला, कोणत्या वाटेने गेला आणि बाहेर येताना काय घेऊन आला. म्हणून त्या प्रश्नाच्या पाठीमागे लागून मी या पदवीची कुळकथा धुंडाळली. ती जितकी कानांची आहे, तितकीच एका धंद्याने स्वतःच्या पायावर उभे राहण्याची आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. कान-नाक-घशाचा सर्जन वेगळा आणि ऑडिऑलॉजिस्ट वेगळा. सर्जन कान बरा करतो. पडद्याचे भोक बुजवतो, पू झाला तर औषध देतो, गाठ काढतो. ऑडिऑलॉजिस्ट कान मोजतो. किती ऐकू येते, कोणत्या पट्टीतले येत नाही, दोष बाहेरच्या वाटेत आहे, आतल्या शिंपल्यात आहे की तिथून मेंदूकडे जाणाऱ्या शिरेत, हे तो ठरवतो. आणि जे बरे होण्यासारखे नसते त्याच्यासह माणसाने कसे जगावे याची तजवीज लावतो. वयोमानाने गेलेले आणि गोंगाटाने गेलेले कान बहुधा औषधाने वा शस्त्राने परत येत नाहीत. म्हणजे सर्जनचे काम जिथे संपते तिथे या दुसऱ्या माणसाचे खरे काम सुरू होते.

मोजणे ही गोष्ट मात्र फार उशिरा आली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कान तपासायचा म्हणजे खिशातले घड्याळ कानाशी धरायचे आणि टिकटिक कुठवर ऐकू येते ते पाहायचे; नाहीतर कुजबुजून बोलायचे, नाहीतर नादकाटा वाजवायचा. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची आई कानांनी अधू आणि पत्नी पूर्ण बहिरी होती. त्याने १८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट घेतले आणि त्या टेलिफोनच्या पोटातून पुढे कानमापनाचे शास्त्र जन्माला आले. आवाजाच्या मापाला आपण डेसिबल म्हणतो, त्यातला 'बेल' हाच. टेलिफोनचे सामान बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने १९२२-२३ च्या सुमारास ऑडिओमीटर बाजारात आणला: हव्या त्या पट्टीचा शुद्ध स्वर, हवा तेवढा लहान-मोठा करून कानात सोडणारे यंत्र. त्याच दशकात शाळांसाठी दुसरा एक प्रकार निघाला. ग्रामोफोनच्या तबकडीवरून एक आवाज आकडे वाचत जायचा, दर खेपेला थोडा थोडा बारीक होत. वर्गातली चाळीसभर मुले एकेक श्रवणी कानाला लावून ऐकू येईल तो आकडा कागदावर लिहायची. ज्याचे आकडे लवकर चुकू लागले त्याचा कान तपासायचा. मास्तर या नात्याने मला हे यंत्र फार आवडले. मागल्या बाकावरचा 'मठ्ठ' मुलगा मठ्ठ नसून त्याला ऐकूच येत नाही, हे सांगायला एक तबकडी पुरली!

पण यंत्र आले म्हणजे विद्या आली असे नव्हे. आयोवात सी. सी. बंच नावाचा एक संशोधक कानाच्या डॉक्टरांशेजारी बसून वर्षानुवर्षे रोग्यांच्या श्रवणाचे आलेख काढत होता. १९४१ मध्ये तो शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकवायला आला आणि पुढच्याच वर्षी वारला. 'क्लिनिकल ऑडिओमेट्री' हे त्याचे पुस्तक १९४३ मध्ये त्याच्या मागे प्रसिद्ध झाले. त्याचा वर्ग चालवायला कुणीतरी हवे होते. ते काम आले रेमंड कारहार्ट या तिशीतल्या वाचाशिक्षकाकडे. कारहार्ट डॉक्टर होता तो पीएच. डी.चा, वैद्यकाशी त्याचा संबंध नव्हता. आयुष्याला वळण कसे लागते पाहा: एका मृत सहकाऱ्याचा तास घ्यायला उभा राहिलेला हा मास्तर पुढे साऱ्या विद्येचा जनक म्हणून ओळखला जाऊ लागला.

ते वळण दिले महायुद्धाने. तोफांच्या, विमानांच्या आणि सुरुंगांच्या आवाजाने कान गेलेले तरुण शिपाई हजारांनी परतू लागले. हातपाय शाबूत, चेहरा धड, पण हाक मारली तर वळत नाहीत. अमेरिकन लष्कराने त्यांच्यासाठी तीन रुग्णालये राखून ठेवली: ओक्लाहोमातले बॉर्डन, कॅलिफोर्नियातले हॉफ आणि पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावचे डेशॉन. आरमाराचे केंद्र फिलाडेल्फियाला होते. १९४४ मध्ये कारहार्ट कॅप्टनचा हुद्दा घेऊन डेशॉनला रुजू झाला.

तिथे काय चालत असे ते नीट लक्षात घेण्यासारखे आहे, कारण पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज तिथे आहे. शिपायाला नुसते यंत्र दिले जात नसे. तो आठेक आठवडे तिथे राहत असे. आधी त्याचा कान मोजायचा, आणि तोही नुसत्या स्वरांनी नव्हे तर बोललेल्या शब्दांनी. कारण माणसाला जगायला स्वर लागत नाहीत, शब्द लागतात. मग एकामागून एक निरनिराळी यंत्रे कानाला लावून कोणत्या यंत्राने शब्द अधिक उमगतात याची तुलना करायची. त्यानंतर ओठ वाचण्याचे धडे. मग यंत्रातून येणारा ओबडधोबड आवाज ऐकण्याची कानाला सवय लावायची. स्वतःचा आवाज ऐकू न आल्याने ज्याची बोली बिघडू लागली असेल त्याची बोली सुधारायची. वैद्य, मानसशास्त्रज्ञ, वाचाशिक्षक, ध्वनीचे जाणकार असे सारे एका छपराखाली. ही नवी विद्या आहे आणि तिला नाव हवे, हे तिथल्या लोकांच्या ध्यानात आले. १९४५ च्या आसपास 'ऑडिऑलॉजी' हा शब्द रूढ झाला. कारहार्ट आणि लष्करातला कानाचा डॉक्टर नॉर्टन कॅनफील्ड या दोघांकडे त्याचे श्रेय सामान्यतः दिले जाते, पण त्या बारशाला आत्याबाई पुष्कळ आहेत. शब्दही मोठा मजेदार: निम्मा लॅटिन, निम्मा ग्रीक. शुद्धिवाद्यांनी नाक मुरडावे असा. पण ज्या विद्येचे आईबाप इतक्या निरनिराळ्या कुळांतले, तिला संकरित नावच शोभावे.

युद्ध संपले, कारहार्ट नॉर्थवेस्टर्नला परतला आणि तिथे या विद्येचे पहिले विद्यापीठीय शिक्षण उभे राहिले. त्याचे विद्यार्थी देशभर पसरले. माजी सैनिकांची रुग्णालये हे या लोकांचे मोठे आश्रयस्थान झाले आणि ते आजही आहे. पुढे धंद्यात शिरायला एम. ए. किंवा एम. एस्सी. हवी असा दंडक बसला. ज्याला शिकवायचे, संशोधन करायचे त्याने पीएच. डी. करावी, ज्याला रोगी तपासायचे त्याने दोन वर्षांची मास्टर्स करावी. घडी सुरेख बसली असे वाटले.

तिच्यात दोन सुरकुत्या होत्या. पहिली विद्येची. १९७० च्या सुमारास जेम्स जर्गर या कारहार्टच्या शिष्याने मध्यकानातल्या हवेच्या दाबाच्या आलेखांची वर्गवारी बसवून दिली. त्याच सुमारास कानात टकटक आवाज सोडून मेंदूच्या देठातले विजेचे तरंग मोजणे शक्य झाले. झोपलेल्या तान्ह्या मुलाचा कान त्याला न विचारता तपासता येऊ लागला. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्पने तर अशी गोष्ट दाखवून दिली की ती कादंबरीत घातली असती तर संपादकांनी कापली असती: निरोगी कान नुसता ऐकत नाही, तो स्वतः आवाजही करतो. शिंपल्यातल्या केसाळ पेशींची हालचाल बाहेरच्या वाटेने परत येते आणि बारीक मायक्रोफोनने टिपता येते. १९८४ मध्ये अमेरिकन सरकारने आतल्या कानात बसवायच्या विद्युतयंत्राला, कॉक्लिअर इम्प्लांटला, प्रौढांसाठी परवानगी दिली आणि १९९० मध्ये मुलांसाठी. इतके सारे पाणी दोन वर्षांच्या घागरीत मावेना. शाळामास्तराला हे समजावून सांगावे लागत नाही. अभ्यासक्रमात दर वर्षी नवा धडा येतो, जुना जात नाही आणि तास तेवढेच राहतात.

दुसरी सुरकुती पैशाची आणि मानाची. या व्यवसायाची जी जुनी राष्ट्रीय संघटना होती तिच्या आचारसंहितेप्रमाणे ऑडिऑलॉजिस्टाने नफा घेऊन श्रवणयंत्र विकणे निषिद्ध होते. हेतू सात्त्विक होता: तपासणाऱ्याचा विकण्यात स्वार्थ नसावा. पण परिणाम असा झाला, की तपासणाऱ्याने तपासून चिठ्ठी लिहावी आणि रोग्याने दुकानदाराकडे जावे. यंत्र बसले की नाही, टोचते की नाही, त्यातून शब्द येतात की नुसता कल्लोळ, हे पाहायला तपासणारा जागेवर नसे. डेशॉनला जे एका छपराखाली होते, त्याच्या मधोमध भिंत उभी राहिली.

या भिंतीचा अर्थ मला पुस्तकात वाचण्याआधीच ठाऊक होता. माझ्या आत्याचे कानाचे मशीन ती गेल्यावर सापडले ते स्टीलच्या डब्यात, अडकित्त्याशेजारी, कापसात गुंडाळलेले. एका दुकानातून ते वीस मिनिटांत घेतले होते. सेल कसा घालायचा ते दुकानदाराने दाखवले होते, पावती दिली होती, आणि तिथे त्याचा संबंध संपला होता. आत्या ते चार दिवस लावून हिंडली आणि मग म्हणाली, "अरे, ह्यात माणसांपेक्षा भांडीच जास्त बोलतात!" तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. वयात गेलेल्या कानाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज पूर्वीइतकेच मोठे लागतात. त्याला सगळेच सारखे मोठे करून दिले, की बोलणे बाजूला राहते आणि कानात शिरतो तो ताटल्यांचा खणखणाट. यंत्र कुठे किती उचलायचे आणि कुठे आवरायचे हे त्या माणसाच्या कानाप्रमाणे बेतावे लागते. आणि पुन्हा पंधरा दिवसांनी, महिन्याने बोलावून त्यात दुरुस्ती करावी लागते. आत्याला पुन्हा कुणी बोलावले नाही.

अमेरिकेतली ती भिंत पडली १९७८-७९ मध्ये. अभियंत्यांच्या संघटनेविरुद्धच्या एका खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, व्यावसायिक संघटनांना असले निर्बंध घालून स्पर्धा रोखता येणार नाही, असा निकाल दिला. त्याच्या पाठोपाठ श्रवणयंत्र-विक्रीवरचा निषेधही गेला. आता ऑडिऑलॉजिस्ट दवाखाना थाटू लागला, स्वतः यंत्र देऊ लागला आणि त्याच्या परिणामाला स्वतः जबाबदार होऊ लागला. तेव्हा त्याला जाणवले, की आपण उभे आहोत ते डॉक्टर आणि दुकानदार यांच्या मधल्या फळीवर. दातांचा डॉक्टर डॉक्टर. चष्म्याचा नंबर काढणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टलाही अमेरिकेत डॉक्टरची पदवी आहे. कानवाला मात्र एम. ए.!

जानेवारी १९८८ मध्ये जेम्स जर्गरने ह्यूस्टनला बत्तीस प्रमुख ऑडिऑलॉजिस्टांची बैठक बोलावली आणि तीतून अमेरिकन अॅकॅडमी ऑफ ऑडिऑलॉजी ही फक्त श्रवणवाल्यांची संघटना निघाली. त्याच वर्षी शिकागोला खासगी दवाखाने चालवणाऱ्यांच्या संघटनेने शिक्षणावर परिषद भरवली आणि तिथे व्यावसायिक डॉक्टरेटचा पुकारा झाला. पर्ड्यू विद्यापीठातला डेव्हिड गोल्डस्टीन हा या चळवळीचा खंदा पुरस्कर्ता. १९८९ मध्ये या एकाच कामासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. पदवीचे नाव ठरले 'डॉक्टर ऑफ ऑडिऑलॉजी', थोडक्यात ए. यू. डी.

इथे गंमत पाहण्यासारखी आहे. जर्गर आणि गोल्डस्टीन हे दोघेही पीएच. डी. त्यांना स्वतःला या पदवीची गरज नव्हती. तरीही ते म्हणत होते, की आमची पदवी रोगी तपासणाऱ्याच्या कामाची नाही. पीएच. डी. एक प्रश्न घेऊन त्याच्या तळाशी जायला शिकवते; दवाखान्यात मात्र दर अर्ध्या तासाला नवा प्रश्न दारात उभा असतो. दोन माणसांचे आलेख हुबेहूब सारखे असतात. एकाला मशीन हवे असते, दुसऱ्याच्या शिरेवर गाठ असते आणि त्याला त्याच दिवशी सर्जनकडे धाडायचे असते. हे ओळखायला प्रबंध उपयोगी पडत नाही. जाणत्याच्या नजरेखाली पाहिलेले शेकडो रोगी उपयोगी पडतात.

विरोधही कमी नव्हता, आणि तो अडाण्यांचा नव्हता. प्राध्यापक म्हणाले, हुशार मुले चार वर्षांत डॉक्टर होऊन पैसा मिळवू लागली तर संशोधनाकडे कोण वळणार? विद्या वाढवणारे हात कमी झाले की विद्या वापरणाऱ्यांच्या हातात काही दिवसांनी शिळेच उरणार. लहान विद्यापीठे म्हणाली, आम्हाला हा खर्च झेपणार नाही. कुणी म्हणाले, ही सारी नावापुढे 'डॉ.' लावण्याची हौस आहे. त्यात भर म्हणून काही उत्साही मंडळींनी सुचवले, की वीस-वीस वर्षे काम केलेल्यांना अनुभवाच्या आधारावर ही पदवी बहाल करून टाकावी. त्यावरून मोठे रण माजले. शिकल्यावाचून पदवी कशी, हा एक पक्ष. आणि वीस वर्षे रोगी तपासले हे शिकणे नव्हे काय, हा दुसरा. मी मॅट्रिक माणूस, मला दोन्ही बाजू कळतात.

पदवी बहाल करण्याची कल्पना सरसकट मान्य झाली नाही; त्यातून जे निघाले ते अधिक चांगले निघाले. १९९४ मध्ये ह्यूस्टनचे बेलर वैद्यकीय महाविद्यालय आणि सेंट्रल मिशिगन विद्यापीठ यांच्यासारख्या ठिकाणी पहिले अभ्यासक्रम सुरू झाले. आणि नोकरी-धंद्यात असलेल्यांसाठी काही संस्थांनी दूरस्थ वर्ग काढले. त्यांत फ्लॉरिडाचे विद्यापीठ होते, तसेच पेनसिल्व्हेनियातले चक्क डोळ्यांच्या विद्येचे एक महाविद्यालय होते. चाळिशी-पन्नाशीतली माणसे दिवसभर दवाखाना चालवून रात्री पुस्तक उघडून बसू लागली. जे काम आपण पाव शतक करत आलो त्याचीच परीक्षा द्यायची, ही गोष्ट पन्नाशीच्या मानी माणसाला किती जड जाते, हे ज्याने प्रौढांचे वर्ग घेतले आहेत त्याला विचारावे. तरी हजारो लोकांनी ती दिली. जुन्या संघटनेने २०१२ पासून आपल्या प्रमाणपत्राला डॉक्टरेट आवश्यक केली आणि मास्टर्सचे युग संपले. आज अमेरिकेत सत्तरच्या वर विद्यापीठांत ही पदवी मिळते. साधारण चार वर्षे. त्यांतले शेवटचे वर्ष सगळे दवाखान्यात, रोग्यांत, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली.

मग त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर 'हो, डॉक्टर व्हायलाच हवे' असे छातीठोकपणे देता येईल काय? हिशेबाची दुसरी बाजू मांडल्याशिवाय नाही. चार वर्षांची फी भरण्यासाठी मुले डोईजड कर्ज काढतात, आणि मिळकत दातांच्या किंवा हाडांच्या डॉक्टरांसारखी मुळीच होत नाही. मान मिळाला म्हणावे तर वृद्धांसाठीची सरकारी विमा-योजना जी मेडिकेअर, ती कालपरवापर्यंत वैद्याची चिठ्ठी असल्याशिवाय या डॉक्टरांच्या तपासणीचे पैसे देत नसे. २०२३ पासून वर्षातून एकदा, ठराविक तक्रारींसाठी, चिठ्ठीविना जाण्याची मुभा मिळाली. मूळ मेडिकेअर श्रवणयंत्राचा खर्च देत नाही तो नाहीच. आणि १७ ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम बहिरेपण असलेल्या प्रौढांना यंत्र दुकानातून, तपासणीशिवाय, थेट विकत घेता येऊ लागले. चाळीस वर्षे झगडून डॉक्टर व्हावे आणि दारात यावे तो माल समोरच्या फळीवर मांडलेला दिसावा! यंत्रे महाग होती, गरिबाला परवडत नव्हती, म्हणून हा कायदा झाला. त्याला वाईट कसे म्हणावे? स्वस्त यंत्र मिळावे हे खरेच; पण माझ्या आत्यालाही यंत्र मिळालेच होते.

माझ्या मते या साऱ्या कथेचे मर्म इथेच आहे. डेशॉनला कारहार्टने नवीन यंत्र शोधले नव्हते. तिथे शिपायाला जे मिळाले ते आठ आठवडे: कुणीतरी त्याच्या कानासाठी दिलेला वेळ, आणि त्याचे काय झाले याची पत्करलेली जबाबदारी. युद्धात सरकारने त्या वेळाचे पैसे दिले. शांततेच्या काळात तो वेळ कोण देणार, आणि देणाऱ्याला तो देण्याचा अधिकार आहे हे कशावरून ओळखायचे, हा प्रश्न उरला. पदवीची सारी खटपट त्या प्रश्नासाठी होती. नावापुढचा 'डॉ.' रोग्याला एवढेच सांगतो, की तुझे यंत्र टोचले, खणखणले, नकोसे झाले, तर परत ये. जबाब मी देईन. हे वचन पाळले जात असेल तर चार वर्षे फार नाहीत. पाळले जात नसेल तर चाळीस वर्षांची पदवीही त्या दुकानाच्या पावतीइतकीच.

आपल्याकडेही ही विद्या उपरी नाही. मुंबईत १८८४-८५ च्या सुमारास बहिऱ्या मुलांची शाळा निघाली. देशातल्या अशा शाळांत ती पहिली. १९६५ मध्ये म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था स्थापन झाली. त्याच दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात हे शिक्षण सुरू झाले. महाराष्ट्राचे राज्यपाल असताना निवर्तलेल्या अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये वांद्र्याला उभी राहिली. आपली चाकोरी निराळी आहे: चार वर्षांची पदवी, दोन वर्षांची एम. एस्सी. आणि पुढे ज्याला हवी त्याला पीएच. डी. त्या चाकोरीतून तयार झालेली मुलेमुली इथल्या सरकारी दवाखान्यांत रोज रांगा उपसतात, आणि त्यांतली काही अमेरिकेला जाऊन ती दुसरी पदवीही घेतात. नाव कोणते असावे याचा वाद आपण सवडीने घालू. पण शब्दांनी कान मोजायचा तर शब्द रोग्याच्या बोलीतले हवेत; साताऱ्याच्या आजीचा कान शिकागोच्या शब्दांनी मोजता येणार नाही. आणि तालुक्याच्या गावी असे माणूस आहे कोठे? मूल जन्मल्यापासून एका महिन्यात कान तपासावा, तीन महिन्यांत निदान व्हावे, सहा महिन्यांत उपाय सुरू व्हावा, असा जगभरच्या जाणकारांचा दंडक आहे. कारण भाषेची वेळ एकदा टळली की ती भरून काढणे फार कठीण जाते. आमच्याकडे ते मूल सहाव्या वर्षी शाळेत येते आणि मास्तर हजेरी घेताना त्याचे नाव तीनदा पुकारतो.

त्या वडिलांना मी तेव्हा एवढेच म्हणालो, की मुलीला जाऊ द्या. आज उत्तर द्यायचे तर थोडे अधिक देईन. ऑपरेशन नाही, गोळी नाही हे खरे. पण ज्या दुखण्याला ऑपरेशन नाही आणि गोळी नाही, त्या दुखण्याच्या माणसालाच आपला म्हणावा असा एक डॉक्टर लागतो.

असो. फराळाच्या वेळी विषय गंभीर झाला. जाता जाता एक विनंती. या दिवाळीत साफसफाई करताना कपाटातल्या कुठल्याशा डब्यात, कापसात गुंडाळलेले आजोबांचे वा आजींचे मशीन हाताला लागेल. ते पुन्हा डब्यात ठेवू नका, आणि 'लावत नाहीत, हट्टी आहेत' असेही म्हणू नका. भाऊबीज झाली की त्यांना आणि त्या मशीनला घेऊन एखाद्या जाणत्या ऑडिऑलॉजिस्टाकडे जा. पहिल्या खेपेला जमणार नाही. दुसऱ्या खेपेला थोडे जमेल. तिसऱ्या खेपेला, कोण जाणे, परतीच्या वाटेवर आजी म्हणतील, "एवढं ओरडतोस कशाला रे?"